पिवळ्या हेडलाइटला पॉलिश पेपर लावण्याआधी

ठाण्याजवळच्या गायमुख घाटात पावसाळ्यातल्या एका रात्री खड्डा मला दिसला तो चाक त्यात आदळल्यावर. घोडबंदर रोडने रोज ये-जा करणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. मला वाटलं, बल्ब म्हातारे झाले असतील. दुसऱ्या दिवशी दोन्ही बदलले. उजेड होता तेवढाच. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीपुढे उकिडवा बसलो आणि हेडलाइटच्या काचेकडे बारा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. चहाच्या जुन्या गाळणीसारखा रंग आला होता आणि वरच्या बाजूने बोट फिरवलं की खरखर लागत होती.

त्यानंतर स्वतःची, मेहुण्याची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची मिळून सात-आठ गाड्यांचे दिवे मी घासले. पहिल्या दोन गाड्यांचे बिघडवले. त्यातली एक माझीच होती म्हणून बोलणी फक्त घरातून बसली. पुढचं सगळं हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी आहे, आणि त्यातली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: घासल्यावर वरून यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, रोखणारा थर द्यायची तयारी नसेल, तर घासूच नका.

ती काच नाहीच

काच म्हणतो ती आपण सवयीने. अँबॅसिडर किंवा पद्मिनीच्या दिव्याला खरी काच होती. ती तडकेल, फुटेल, पण पिवळी पडणार नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं, म्हणजे सीडी ज्याची बनते तेच प्लास्टिक. वजनाला हलकं, हवा तसा वळवता येणारं आणि पुढच्या डंपरच्या चाकातून उडालेला खडा लागला तरी सहसा न फुटणारं. खोडी दोनच. ओरखडे लगेच पडतात, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. एखाद्या सोसायटीच्या पार्किंगवर घातलेले पारदर्शक पत्रे काही वर्षांत कसे पिवळट होतात ते पाहिलं असेल. तोच प्रकार.

म्हणून कारखान्यातच या प्लास्टिकवर एक कडक पारदर्शक थर चढवतात. केसाहून पातळ, पण ओरखडे आणि यूव्ही दोन्ही तोच झेलतो. ऊन, धूळ आणि रोजच्या पुसापुशीने हा थर आधी धुरकट होतो, मग जागोजागी सोलवटतो आणि त्याखालचं प्लास्टिक उघडं पडून पिवळं होऊ लागतं. आपण पॉलिश पेपर लावतो तेव्हा पिवळेपणाबरोबर हा उरलासुरला थरही काढून टाकतो. दिवा त्या दिवशी नव्यासारखा चमकतो खरा, पण तो आता उघडा आहे. पूर्वी जो पिवळेपणा यायला सात-आठ वर्षं लागली, तो काही महिन्यांत परत येतो. मी पहिल्यांदा गणपतीच्या आधी घासून, नुसतं वॅक्स लावून सोडून दिलं होतं. होळीपर्यंत दिवे पूर्वीपेक्षा वाईट दिसत होते.

एक गंमत म्हणून पाहा: दोन्ही दिवे सहसा सारखे पिवळे नसतात. माझी गाडी वर्षानुवर्षं दक्षिणेकडे तोंड करून उभी असते. ठाण्यात मे महिन्याचा मध्य ते जुलैअखेर एवढे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो. त्यात डावीकडे इमारतीची सावली, उजवीकडे पश्चिमेचं संध्याकाळपर्यंतचं ऊन. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा दुसऱ्याच्या दुप्पट खराब. तुमचेही असे कमी-जास्त असतील तर गाडी कुठे आणि कोणत्या दिशेला उभी असते ते आठवा, कारण मिळेल.

आधी ओला करून पाहा

सामान आणायच्या आधी दिवा स्वच्छ धुवा आणि त्यावर पाणी ओता. ओला असेपर्यंत तो बराच पारदर्शक दिसला आणि सुकल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे आणि ती घासून जाईल. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर जरा थांबा. आत बाष्प धरलंय का, थेंब लटकलेत का ते पाहा. असेल तर मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नाही, किंवा दिव्याचं सील गेलंय. आधी ते गॅरेजमध्ये दाखवा. आतल्या बाजूने जाळं धरल्यासारख्या बारीक चिरा असतील, किंवा मागचा चांदीसारखा रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. नवा दिवा घ्यावा लागतो.

रिफ्लेक्टर काळवंडण्यामागे बरेचदा जास्त वॉटचे बल्ब असतात. एच-४ बल्ब मुळात ६०/५५ वॉटचा. त्या जागी १००/९० चा घातला की उष्णतेने रिफ्लेक्टरही भाजतो आणि वायरिंगही. पिवळ्या दिव्यावर मोठा बल्ब हा उपाय नव्हे.

गाडी जुनी असेल आणि काच की प्लास्टिक याची शंका असेल तर नखाने टिचकी मारा, आवाजावरून कळतं. बऱ्याच दिव्यांच्या कडेला बारीक उठावाच्या अक्षरांत ‘पीएल’ असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थच प्लास्टिक लेन्स.

टूथपेस्ट आणि डासांचा स्प्रे

हे दोन उपाय तुम्हाला कुणी ना कुणी सांगणारच, म्हणून आधीच उरकतो. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक कण असतात, त्यामुळे वरचा धुरकटपणा थोडा निघतो. हलक्या खराबीला आठवडाभर बरं दिसतं, पुढे काही नाही. डास पळवायच्या स्प्रेचा प्रकार मात्र घातक आहे. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिकचा वरचा पापुद्रा चक्क विरघळवतं. म्हणून तो क्षणात चकचकीत दिसतो, व्हिडिओत छान वाटतं, आणि पुढे तोच भाग चिकट होऊन तडकतो. बंपरच्या रंगावर ओघळला तर रंगही गेला. पेट्रोल आणि थिनरलाही हाच नियम. पेंटरकडे सगळं थिनरने पुसायची सवय असते. त्याला आधीच सांगा, दिव्यावर थिनर नको.

सामान

हे हार्डवेअरच्या दुकानापेक्षा गॅरेजांच्या रांगेत असलेल्या ऑटो पेंटच्या दुकानात घ्या. वागळे इस्टेट असो की तुर्भे, गाड्यांना रंग मारणारे जिथून माल उचलतात ते दुकान. तिथे वॉटर पेपर म्हणून मागायचं. लाकूडकामाचा पिवळा काच पेपर चालत नाही, पाण्यात त्याचा लगदा होतो. ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा प्रत्येकी एक-एक कागद दोन्ही दिव्यांना पुरतो. ३००० मिळाला तर उत्तम. आकडा मोठा तेवढा कागद बारीक.

याशिवाय चांगल्या रुंदीची मास्किंग टेप, रबिंग कंपाउंडची, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टची, छोटी डबी, दोन-तीन मायक्रोफायबर कपडे, पाणी मारायची स्प्रे बाटली, आणि औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. शेवटचा थर कोणता द्यायचा हेही आत्ताच ठरवा, कारण कुठल्या नंबरपर्यंत घासायचं ते त्यावर अवलंबून आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून दुसरी गाडी बिघडली.

थर कोणता

थोडक्यात तीन वाटा आहेत.

पहिली, हाताने पुसून लावायचं यूव्ही कोटिंग. हेडलाइटसाठी म्हणून मिळणाऱ्या किटमध्ये हे पाकिटात भिजवलेल्या कापडाच्या किंवा छोट्या बाटलीच्या रूपात येतं. नवशिक्याला हेच सोपं. साधारण वर्ष-दोन वर्षं तग धरतं, उघड्यावर उभ्या गाडीला त्याहून कमी. विकत घेताना पाकिटावर यूव्हीचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. नुसतं ‘शाइन’ लिहिलेलं असेल तर ते परत दुकानाच्या फळीवर.

दुसरी वाट क्लिअर कोटची. डेंटिंग-पेंटिंगवाला बॉडीवर शेवटी मारतो तो हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर. व्यवस्थित बसला तर काही वर्षं बघायला नको. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याची वाफ फुप्फुसाला फार वाईट. तोंडाला रुमाल किंवा करोनाच्या वेळचा मास्क बांधून बंद पार्किंगमध्ये हे मारायचं धाडस करू नका. घासून घरी करा आणि फवारा मारायला गाडी पेंटरकडे न्या, असा मध्यममार्ग मी हल्ली काढतो. पेंटरलाही बरं वाटतं, कारण कंटाळवाणं काम झालेलं असतं. क्लिअर यूव्हीचा आणि चांगल्या कंपनीचा आहे ना, एवढं मात्र विचारा.

तिसरी म्हणजे पीपीएफ, पारदर्शक जाड फिल्म. खर्च जास्त, पण खड्यांपासूनही वाचवते आणि खराब झाली की सोलून काढता येते. वळणदार दिव्यावर स्वतः लावायला गेलात तर बुडबुडे आणि सुरकुत्या मोजत बसाल. ज्याचं ते काम त्याच्याकडून करून घ्या.

आता कळीचा मुद्दा. हाताने लावायचं कोटिंग किंवा फिल्म असेल तर दिवा २०००-३००० पर्यंत घासून, कंपाउंडने काचेसारखा पारदर्शक करावा लागतो, कारण राहिलेला ओरखडा वरून दिसतो. क्लिअर कोट मारायचा असेल तर उलट. १००० नंबरला थांबायचं आणि कंपाउंड लावायचंच नाही. क्लिअरला पकड लागते. दूधट दिसणारा तो दिवा फवारा पडताच पारदर्शक होतो. मी मेहुण्याच्या गाडीचा दिवा आरशासारखा चमकवून पेंटरकडे पाठवला. त्याने न बोलता मारून दिला. पहिल्याच पावसाळ्यात क्लिअरचे पापुद्रे निघाले, अगदी उन्हात करपलेल्या पाठीसारखे.

घासणं

दिवस निवडा. पावसाळ्यात नाहीच. हवेतल्या दमटपणाने वरचा थर दुधाळ होऊ शकतो, आणि ठाण्यातला जुलै म्हणजे हवेतच पाणी. दसरा झाला की हवा कोरडी होऊ लागते. दिवाळीच्या साफसफाईत हे काम घालून टाकावं. सावलीत, सकाळी, बॉनेट गार असताना. शेजारी रस्त्याचं किंवा मेट्रोचं काम चालू असेल तर वारा पडलेला दिवस पाहा.

दिव्याभोवती बंपर, बॉनेट आणि फेंडरच्या कडेला टेपचे दोन-तीन थर लावा. एक थर पेपरच्या एका फटक्यात निघतो आणि मग रंगाला लागतं. बॉनेट उघडता येत असेल तर उघडूनच काम करा, वरची कड मोकळी मिळते.

कागदाचे तुकडे पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा. पाण्यात गाडीच्या शाम्पूचे दोन थेंब टाका, कागद सरकतो आणि मळ अडकत नाही. कागद नुसत्या बोटांनी धरू नका, बोटांच्या खाली खोल पट्टे पडतात. जुन्या रबरी स्लिपरचा काडेपेटीएवढा तुकडा कापून त्याभोवती गुंडाळा. वळणावर तो वाकतो, सपाट जागी सपाट राहतो. बाजारातले महागडे पॅड मी आणले होते, शेवटी स्लिपरच बरी.

थर सोलवटलेला असेल तर ८०० पासून, नुसता धुरकट-पिवळा असेल तर १००० पासून सुरू करा. डावीकडून उजवीकडे, सरळ रेषेत, हलक्या हाताने. गोल गोल नाही. सतत पाणी मारत राहा. सुरुवातीला कागदाखालून पिवळट पाणी निघेल. ते बघायला फार समाधान वाटतं आणि तिथेच लोक थांबतात. थांबू नका. दर दोन-तीन मिनिटांनी पुसून, सुकवून पाहा. कारखान्याचा जुना थर काही ठिकाणी निघालेला आणि काही ठिकाणी उरलेला असेल तर नकाशातल्या किनारपट्टीसारख्या कडा दिसतात. त्या सगळ्या जाऊन दिवा एकसारखा, दुधट होईपर्यंत याच नंबरवर राहायचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एका दिव्याला वीस-पंचवीस मिनिटं लागली तर घाबरू नका. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो. बायको किंवा वॉचमन येऊन विचारेल, ‘हे काय करून ठेवलं?’ त्यांना दोन तासांनी बोलवा.

पुढच्या नंबरला दिशा बदला. ८०० आडवा घासला असेल तर १००० उभा, १५०० पुन्हा आडवा. कारण साधं आहे: उभ्या रेषांमध्ये आधीची आडवी रेघ उठून दिसते. ती दिसेनाशी झाली की त्या नंबरचं काम संपलं. अंदाजाने वेळ मोजायची गरज नाही. प्रत्येक नंबर बदलताना दिवा आणि टेपच्या कडा धुवा, बादलीतलं पाणी बदला. ८०० चा एखादा कण २००० च्या कागदाखाली सापडला की एकच लांब ओरखडा आणि पुन्हा मागे. टँकरच्या दिवसांत पाण्याची काळजी वाटत असेल तर सांगतो, स्प्रे बाटलीने केलं तर अर्ध्या बादलीत दोन्ही दिवे होतात.

टोकाच्या कडा आणि कोपरे लोक विसरतात. पिवळेपणा तिथूनच परत आल्यासारखा दिसतो, खरं तर तो कधी गेलेलाच नसतो.

हाताने लावायचं कोटिंग असेल तर आता कंपाउंड. मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं घ्या, छोट्या छोट्या भागात दाबून चोळा. ड्रिलला फोमचा पॅड लावून करता येतं, पण वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट तापलं की मऊ पडतं आणि पॅडचा ठसा कायमचा राहतो.

थर देताना

दिवा धुवा, पूर्ण सुकवा, सांध्यांमधलं पाणी कपड्याने टिपून घ्या. मग अल्कोहोल कपड्यावर घेऊन दिवा पुसा, म्हणजे कंपाउंडचं तेल जाईल. यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा थराखाली अडकला की तो गाडी विकेपर्यंत तुमच्याबरोबर.

कोटिंगचं कापड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता ओढा, पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवा. एखादी जागा सुटली असं वाटलं तरी लगेच मागे जाऊन पुसू नका, अर्धवट सुकलेला थर ओढला जातो आणि पट्टे उमटतात. दुसरा हात द्यायचा असेल तर पाकिटावर सांगितलेला वेळ जाऊ द्या. तयार स्प्रे कॅन वापरणार असाल तर पहिला हात अगदी धुक्यासारखा पातळ, मधे दहा मिनिटं, मग एक-दोन पूर्ण हात. एकाच वेळी जाड मारला तर ओघळ येतो. किमान एक रात्र गाडी दव, धूळ आणि सोसायटीतल्या मुलांच्या हातांपासून लांब ठेवा. टेप मात्र थर पूर्ण कडक व्हायच्या आत, हळूच तिरकी ओढून काढा.

भिंतीवर उजेड पाहा

दिवे स्वच्छ झाल्यावर समोरच्याच्या डोळ्यात जाणारा उजेडही वाढतो, म्हणून संध्याकाळी सपाट जागी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा आणि लो-बीम लावा. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर टेपची पट्टी चिकटवा. उजेडाची वरची कड या पट्टीच्या पाच सेंटिमीटर खाली असली म्हणजे बरोबर. वर जात असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली घ्या, किंवा गॅरेजमध्ये लावून घ्या. डॅशबोर्डवर बीम वर-खाली करायचं चाक असेल तर ते आधी शून्यावर आणा, नाहीतर सगळी मापं चुकतात. गाडी पंधरा वर्षांच्या नोंदणी नूतनीकरणाला आली असेल तर तिथेही दिवे तपासतात, तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

रोज पुसणारा

थराचं आयुष्य ऊन ठरवतं हे खरं, पण आपल्याकडे दुसरा वाटेकरीही आहे: सकाळी सहाला येऊन एकाच बादलीत, एकाच फडक्याने चाळीस गाड्या पुसणारा. त्याचा दोष नाही, त्याला तेवढाच वेळ मिळतो. पण त्या फडक्यातली आधीच्या गाडीची वाळू तुमच्या दिव्यावर रोज फिरते. मी माझ्या गाडीवाल्या दादाला दोन मायक्रोफायबर कपडे देऊन ठेवलेत आणि सांगितलंय, दिव्यांवर आधी पाणी, मग कपडा, आणि धूळ सुकी असेल तर हातच लावू नकोस. दिवाळीला दोन कपडे नवे देतो.

गाडी फिरवून उलट दिशेला लावता येत असेल, भिंतीकडे किंवा झाडाच्या सावलीकडे तोंड करता येत असेल, तर ते फुकटातलं संरक्षण आहे. कव्हर घालायचं तर गाडी धुतल्यावरच, कारण धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत पॉलिश पेपरचंच काम करतं. दर दोन महिन्यांनी गाडीला वॅक्स लावताना एक हात दिव्यांवरही मारा. ते कोटिंगच्या जागी नाही, कोटिंगवर.

आणि धुताना थेंबांकडे लक्ष ठेवा. हाताने लावलेलं कोटिंग शाबूत असेपर्यंत पाणी दिव्यावर गोल थेंब धरून घसरतं. ज्या दिवशी ते पसरून चिकटून बसू लागेल, त्या आठवड्यात दिवा अजून पारदर्शक दिसत असला तरी अल्कोहोलने पुसून कोटिंगचा नवा हात द्या. तेव्हा पेपर लागत नाही, अर्ध्या तासाचं काम असतं.